धोंड्याच्या महिन्यातली शर्यत

११ जून, रविवार

शरच्चंद्र सरांनी सांगितलं म्हणून ही वही. सर म्हणजे रिटायर्ड पीटी मास्तर. साठी उलटली तरी पोहण्यात आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना पाणी पाजतात. त्यांचं म्हणणं, शर्यतीआधी दोन महिने रोज लिहायचं. काय केलं, काय खाल्लं, झोप कशी लागली. तर लिहितो. केलं : सदर भागातल्या उड्डाणपुलावर सायकल, वर-खाली, वर-खाली, कारण नागपुरात चढ नावाची वस्तू फारशी मिळत नाही. खाल्लं : तर्री पोहे. सरांना सांगायचं नाही. झोप : लागली नाही.

शर्यत ऑगस्टमध्ये, चिखलदऱ्याला. घाटाखालच्या धरणात पोहायचं, मग सायकलने घाट चढायचा, उतरायचा, परत चढायचा, आणि वरच्या पठारावर धुक्यात एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी. माझं वय अठ्ठेचाळीस, वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम, गुडघे दोन्ही कुरकुरतात. ग्रुपमधल्या पोरांना वाटतं धर्मेंद्रभाऊंना म्हातारपणी मेडलची हौस आली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. सायकलचा रस्ता बोरगावातून जातो, आणि बोरगाव माझी सासुरवाडी. श्वेता जानेवारीपासून तिथेच आहे. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून गेली, ती अजून आलेली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिची माझ्याविरुद्ध एकच तक्रार, की घरचं म्हणून काही धड पुरं करत नाही, अर्ध्यातून उठून जातो. आता ही शर्यत पुरी करतो. त्याच संध्याकाळी मेडल गळ्यात घालून बोरगावला जातो आणि म्हणतो, घे, केलं पुरं, चल आता घरी. मग ती नाही म्हणणार नाही.

१६ जून

पोहलो. तलावावर सर काठाने माझ्यासोबत चालत होते आणि वरून ओरडत होते. बाहेर आलो तर म्हणाले, "भाऊ, तुमी पाण्याले मारून राहिले. पाण्यानं काय बिघडवलं तुमचं?" सगळे हसले. मीही हसलो, पण दम इतका लागला होता की हसणं खोकल्यासारखं बाहेर आलं.

तिथून गोदामात. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. कवडूने, म्हणजे माझ्या मॅनेजरने, टेबल वाजवून उठवलं. "मालक, ड्रायव्हर लोकं पाहून राहिले." रात्री मात्र गादीवर पडलो की टक्क जागा. घर फार मोठं वाटतं. तीन खोल्यांचं आहे, तेवढंच आहे, तरी.

२५ जून, रविवार

सोनिकाचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक मुलगी, शेवटच्या वर्षाला आहे. आवाज जरा चढलेला होता.

"बाबा, तुम्ही आईशी बोलता का?"

"रोज बोलतो. परवाच तिले नव्या गिअरचं सांगतलं."

"तुम्ही सांगितलं. ती काय बोलली?"

मला आठवेना. हूं म्हणाली असेल. सोनिका म्हणाली, "ठीक आहे बाबा, सांभाळून चालवा," आणि फोन ठेवला. परीक्षेचं टेन्शन असावं. या पोरांना आजकाल फार अभ्यास असतो.

९ जुलै, रविवार

आज बोरगावला फोन केला. श्वेताच बोलत होती, म्हणजे आज तिने बरंच सांगितलं. बाबांसोबत वावरात जाते, तूर पेरली, गावातल्या चार पोरींना शिवणकाम शिकवते. "संध्याकाळी आमी सगळ्या ओट्यावर बसतो," म्हणाली, "मस्त वाटते." मी म्हटलं, वा. मग म्हणाली, "तुमाले एक विचारू का?"

तेवढ्यात कवडूचा फोन मध्ये आला. गाडी तळेगावजवळ बंद पडली होती. मी म्हटलं, "एक मिनिट हं, आलोच." गाडीचं निस्तरता निस्तरता तीन तास गेले. नंतर सायकलवर गेलो, नाहीतर दिवस वाया गेला असता. श्वेताला उद्या करतो.

१३ जुलै

पाय ओढत जिने चढलो. आज लिहिण्यासारखं काही नाही. श्वेताला फोन करायचा राहिलाच आहे.

१८ जुलै, मंगळवार

आजपासून अधिक महिना लागला. सकाळीच सासऱ्यांचा, महादेवरावांचा फोन. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं, अनारसे द्यायचे, ही त्यांच्याकडे मोडायची गोष्ट नाही. मला दर खेपेला कामं निघतात. गेल्या खेपेला मी गेलो नव्हतो, तर त्यांनी अनारसे एस.टी.च्या कंडक्टरसोबत नागपूरला पाठवले होते.

मी सांगितलं, या वेळी येतोच, तेरा ऑगस्टला, शर्यतीत तुमच्या दारावरून जाणार आहे. म्हातारा एकदम खूश. "मंग थांबानच ना, जवाईबुवा?"

"थांबता नाही येत बाबा. नियम आहे. बाहेरच्या माणसाकडून पाणीसुद्धा घेता येत नाही. घेतलं तर बाद करतात."

तर म्हणाले, "सासरा काय बाहेरचा मानूस हाये काय?"

मी हात टेकले. संध्याकाळी मेडल घेऊन येतो, तेव्हा सगळं करा, असं समजावलं. ते हो-हो म्हणाले, पण त्यांचं हो-हो मला माहीत आहे. मागून सासूबाई विचारत होत्या, जवाई किती जेवतात आता. गुडघ्याची चौकशी केली तर म्हणाले, "कोणाचा? हिचा? हे तं काल शेजारच्या गावाले पायी जाऊन भजन करून आली."

तरी गुडघा पूर्ण बरा व्हायला वर्ष लागतं म्हणतात. श्वेताला तिथे राहायलाच हवं.

३० जुलै, रविवार

सांगायला लाज वाटते, पण वही सर वाचणार नाहीत. आज अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन परत येताना सायकलवर डोळा लागला. चालत्या सायकलवर. मागून ट्रकने हॉर्न दिला तेव्हा जागा झालो, तर चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरायला आलेलं. बाजूला थांबलो. पावसात तसाच दगडावर बसून राहिलो. मनात आलं की मेलो असतो तर श्वेताला आधी कोणी सांगितलं असतं? कवडूने. कवडू तिला काय म्हणाला असता, कोणास ठाऊक.

घरी येऊन सरांना फोन केला. सर म्हणाले, "धर्मेंद्र, शर्यत सोडून द्या या वर्षी. शरीर झोप मागून राहिलं."

सोडून कसं चालेल? मग बोरगावला काय घेऊन जाऊ?

५ ऑगस्ट

फार थकलो आहे. पोहून थकलो, पळून थकलो, हे कळतं. सकाळी उठल्याबरोबर थकलेलो असतो, हे कळत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार. परतवाडा, लॉज

नंबर घेतला, सायकल तपासून घेतली, पोरांबरोबर डाळ-भात खाल्ला. सगळ्यांच्या बायका, आया, कोणी ना कोणी सोबत आलेलं. एकाच्या बायकोने त्याच्या दंडावर पेनाने नंबर लिहून दिला. माझा मी लिहिला. डाव्या हाताने लिहिल्यामुळे सातचा एक झाला. पुसून परत लिहिला.

श्वेताला फोन लावला. "उद्या दुपारपर्यंत दोनदा जाईन दारावरून. पह्यल्यांदा वर जाताना, मंग दुसऱ्या रस्त्यानं खाली उतरून परत वर जाताना. बाहेर उभी राहशील?"

"पाहते," म्हणाली. मग म्हणाली, "तुमचा आवाज कसा येऊन राहिला? बरे आहा ना?"

म्हटलं, एकदम फिट. उद्या सगळं ठीक होईल.

१३ ऑगस्ट, रविवार. बोरगाव, संध्याकाळ

मेडल नाही. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

धरणाचं पाणी गार आणि गढूळ. कोणाची तरी टाच नाकावर बसली. पाण्याबाहेर आलो तेव्हा मागे मोजकीच माणसं उरली होती, पण वेळेत होतो. सायकल घेतली. बोरगाव आलं तर वेशीवरच डफडं वाजायला लागलं. अख्खी आळी बाहेर. महादेवराव कडक धोतर-टोपीत, हातात शेला. ग्रुपमधली पोरं माझ्यापुढे होती, त्यांना वाटलं हे त्यांच्यासाठीच आहे, त्यांनी हात हलवले. मी "संध्याकाळी येतो, संध्याकाळी येतो" ओरडत तसाच पुढे गेलो. श्वेता दिसली नाही. मान वळवून पाहिलं तरी दिसली नाही.

घाट चढलो. सागाला पांढरा मोहोर, वळणावळणावर कड्यावरून पाणी ओघळतंय, दरीतून ढग वर येतायत. लोक हे पाहायला सुट्टी काढून येतात. मी समोरच्या चाकाशिवाय काही पाहिलं नाही. उतरताना ब्रेक धरून धरून बोटं बधिर झाली, आणि पापण्या जड व्हायला लागल्या. कोंढाळीच्या रस्त्यासारख्या. मी मोठ्याने पाढे म्हणायला लागलो. तेराच्या पाढ्यात अडलो.

बोरगाव परत आलं. या वेळी डफडं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध सासूबाई उभ्या होत्या, रुखमाबाई, ज्यांच्या गुडघ्यासाठी माझं घर सात महिने रिकामं आहे. हातात आरतीचं ताट, पदर डोक्यावर, आणि हलायला तयार नाहीत. मी ब्रेक दाबला.

"दोन मिनिटं," म्हणाल्या. "जवाई दारावरून उपाशी गेला तं महिना वाया जाते माहा."

घाटाखालचं फाटक ठरल्या वेळेला बंद करतात, मग कोणाला वर सोडत नाहीत; त्याला अजून तासाभराहून जास्त वेळ होता. दोन मिनिटांनी काय होतं? उतरलो. तेव्हा लक्षात आलं, मी शर्यतीच्या त्या अंगाला चिकटलेल्या कपड्यात आहे आणि समोर सगळ्या गावच्या बाया. एक म्हातारी कुजबुजली, "जवाई कुस्तीले चालले काय वं?" महादेवरावांनी घाईघाईने धोतराचं एक नवं पान माझ्या कमरेभोवती गुंडाळलं. पाटावर बसवलं, पाय धुतले, ओवाळलं, शेला खांद्यावर, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. सासऱ्याच्या हातचं पाणी प्यायलो तेव्हाच नियमाने बाद झालो असेन, पण तिथे पाहणारं कोण होतं?

श्वेता उंबऱ्यात होती. बारीक झाली आहे. की मी सात महिन्यांत नीट पाहिलं नव्हतं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, डोळे कसे झाले तुमचे," म्हणाली.

उठायला गेलो तर पायात गोळे आले. ओसरीवर खाट होती. म्हटलं, "पाच मिनिटं पाठ टेकतो. श्वेता, पाच मिनिटांनी उठव मले. नक्की उठव."

"हो," म्हणाली.

जागा झालो तेव्हा ऊन ओसरीवरून निघून अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. सायकल कोणीतरी पुसून गोठ्यात लावली होती. अंगणात सगळे पायाच्या चवड्यावर चालत होते. आळीतल्या पोरांना हाकलून दिलं होतं. डफडंवाल्याला चहा देऊन घरी पाठवलं होतं. माझ्या उशाशी श्वेता बसली होती, हातात विणलेला पंखा, माशा वारत.

"किती वाजले?"

तिने सांगितलं. फाटक केव्हाच बंद झालं होतं. माझा असा संताप झाला की काय बोललो ते धड आठवत नाही. दोन महिने मर-मर केली, असं काहीतरी. साधं उठवणं होत नाही तुमच्याच्यानं. धोतर सावरत ओरडत होतो, म्हणजे कसा दिसत असेन. महादेवराव मान खाली घालून म्हणाले, "झोपेल्या मानसाले उठवत नाई बापा. अन् जवायाले तं नाईच. मीच सांगतलं सगळ्याइले, कोनी आवाज करू नका, जवाई झोपले हायेत."

"त्यांच्यावर नका चिडू," श्वेता म्हणाली. "त्यांनी सांगतलं तरी मी उठवू शकत होती. मी नाई उठवलं."

"काहून?"

"पाच मिनिटांनी आली होती मी. हात पुढे केला. तुमी तोंड उघडं टाकून झोपले होते, लहान पोरासारखे. वाटलं, आणखी पाच मिनिटं. मंग बसली." ती पंख्याची काडी सोलत होती. "मंग उठवावंच वाटलं नाई. उठवलं असतं तं तुमी गेले असते."

"शर्यत होती, श्वेता."

"हाव. काही ना काही असतेच."

सासू-सासरे न सांगता आत गेले. मी खाटेवर बसलो. मी तिला सगळं सांगून टाकलं. मेडल घेऊन येणार होतो, तुला दाखवणार होतो की पुरं केलं, आणि म्हणणार होतो की आईचा गुडघा आता बरा आहे, चल.

"आईचा गुडघा होळीलेच बरा झाला," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काही नाई. तुमी विचारलंच नाई. मी वाट पाहिली, तुमी विचारान, काहून नाई येऊन राहिली म्हणून. तुमी गिअरचं सांगत होते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. "त्या दिवशी मीच विचारणार होती. तुमी म्हणले, एक मिनिट, आलोच."

मला तो दिवस आठवला. तळेगावची गाडीसुद्धा आठवली, तिचा नंबर, तिच्यात काय माल होता ते. नंतर तिचा प्रश्न ऐकायला श्वेताला फोन केला का, ते आठवत नव्हतं. केला नव्हता.

"काय विचारणार होती?"

"आता नाई विचारत," म्हणाली आणि आत दिवा लावायला गेली.

फार वाईट वाटतंय. मी इतका मूर्ख आहे हे कोणी आधी का सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण सांगितलं होतं. सोनिकाने सांगितलं होतं.

१४ ऑगस्ट, सोमवार. बोरगाव

रात्रभर झोपलो. सकाळी सासूबाईंनी विचारलं, अजून अनारसे देऊ का, तेव्हा जाग आली.

कवडूचे फोन येत आहेत. पहिल्या फोनवर म्हटलं, उद्या सकाळी निघतो. दुसरा घेतला नाही. सरांचाही आला. ते शर्यतीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "झोप झाली का?" म्हटलं, झाली. "मंग बरं," म्हणाले.

न्याहारी झाल्यावर श्वेता अंगणात पोत्यावर अंबाडीची भाजी निवडायला बसली. मी समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "घरी चल."

"नाई," म्हणाली. लगेच म्हणाली, विचार करावा लागला नाही. "तिथं जाऊन मी काय करू? तुमी गोदामात, नाईतं सायकलवर, नाईतं फोनवर. मी त्या सोफ्यावर. इथं निदान चार मानसं बोलतात मायासंग."

मी म्हणणार होतो, आता तसं नाही होणार, सायकल कमी करतो, कवडूला जास्त बघायला सांगतो. तोंडावर आलं होतं. पण हेच मी सोनिका दहावीत असताना म्हटलं होतं, आणि श्वेताचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही म्हटलं होतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, तेच येतंय का ते बघत. मी पोत्यावरची एक काडी उचलून मोडली.

म्हटलं, "मग मी थांबू का इथे?"

तिचे हात थांबले. "किती दिवस?"

कवडूला सांगितलं होतं तेच सांगणार होतो. ते गिळलं.

"माहीत नाही," म्हणालो.

समोरच्या ढिगातली अर्धी भाजी तिने माझ्याकडे सरकवली. कोणती पानं ठेवायची आणि कोणते देठ टाकायचे ते दोनदा दाखवलं. मी तरी चुकत होतो, ती माझ्या ढिगातून न बोलता पानं काढून परत ठेवत होती. घरात फोन वाजला, बंद झाला, परत वाजला. मांडी घालून बसायची सवय राहिली नाही. पाठ भरून आली, गुडघे बोलायला लागले. दोनदा उठावंसं वाटलं. उठलो नाही.